गुळगुळीत सांधा

मी बोलतोय, हवेवर चालणारा एक छोटा सँडर. तळहातावर मावतो. तोंडाच्या जागी गोल चकती, चकतीवर पॉलिश पेपर आणि शेपटीला रबरी नळी. नळीतून हवा आली की चकती गरागरा फिरते. हवा थांबली की मी एक लोखंडाचा तुकडा. खडबडीत असेल ते गुळगुळीत करायचं, एवढंच मला येतं. कुठे थांबायचं हे मात्र मला कळत नाही. ते ज्याच्या हातात मी असतो त्याने ठरवायचं असतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही मला दोष द्याल, आणि थोडा द्यायलाही हवा.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. आईबापांची नावं सांगता येणार नाहीत. त्या एका दिवशी माझी हजारभर भावंडं जन्मली आणि प्रत्येकाच्या पेटीवर 'उत्तम दर्जा' असं छापलं होतं, कोणीही कोणाला तपासलं नव्हतं तरी. ट्रकने डोंगर ओलांडून मी राजधानी बिश्केकच्या मोठ्या बाजारात आलो. तिथे दुकानं म्हणजे एकावर एक रचलेले लोखंडी कंटेनर. एका कंटेनरमध्ये मी तीन महिने विकणाऱ्या बाईच्या थर्मासखाली तिवईसारखा पडून होतो. मग एके दिवशी चष्मेवाल्या एका गृहस्थाने थर्मास बाजूला करून मला उचललं.

हे शैलोबेक मास्तर. कोचकोर गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांचा जन्म निवडणुकीच्या दिवशी झाला, म्हणून बापाने नाव ठेवलं शैलोबेक, म्हणजे निवडणूकबेक. आमच्याकडे अशी नावं ठेवतात. पण पुढे आयुष्यात निवड करायची वेळ आली की हा माणूस चहा मागवत असे.

मला चालवायला हवा लागते आणि हवेला कॉम्प्रेसर. मास्तरांनी घरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढला, जुन्या ट्रकची हवेची टाकी आणली आणि दोघांचं लग्न लावून दिलं. संध्याकाळी त्यांच्या पत्नी, बुरुलचाबाई, अंगणात आल्या.

"मास्तर, फ्रिज बंद पडलाय."

"बंद नाही पडला. फक्त त्याचं काळीज काढलंय."

"आणि मांस कशात ठेवू? तुमच्या पदार्थविज्ञानात?"

"बाहेर उणे वीस आहे गं. अख्खं गाव फ्रिज आहे."

"आणि जूनमध्ये?"

"जूनचं जूनमध्ये बघू."

जूनमध्ये त्यांनी काही बघितलं नाही. बाई मांस शेजारच्या घरी ठेवू लागल्या आणि रोज ते आणायला जाताना अंगणातून माझ्याकडे अशा बघत, जणू मी सवतच.

फ्रिजचं काळीज लहान असतं. टाकीतली हवा मला दोन मिनिटं पुरायची, मग ती पुन्हा भरायला दहा मिनिटं लागायची. दोन मिनिटं काम, दहा मिनिटं विश्रांती. सरकारी कचेरीत याहून वाईट प्रमाण असतं म्हणतात, पण तिथे लोखंड झिजत नाही.

सुरुवातीची सहा वर्षं चांगली गेली. मास्तरांची जुनी मॉस्कविच गाडी होती. दर वसंतात तिच्या दारांना गंज फुटायचा. मास्तर गंज खरवडायचे, मी घासायचो, ते पुट्टी भरायचे, मी पुन्हा घासायचो, मग हिरवा रंग. पुढच्या वसंतात गंज एक बोट पलीकडे. काम झालं की ते टाकीतलं पाणी काढून टाकत, माझ्या पोटात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडत आणि जुन्या मोज्यात घालून मला खुंटीला लावत. माणूस अवजारांशी चांगला वागायचा. असं वागणं तुलनेने सोपं असतं.

त्यांची एकच मुलगी, बेगायिम. तीच चहाची किटली घेऊन अंगणात यायची आणि त्या दहा-दहा मिनिटांच्या विश्रांतीत बापाशी गप्पा मारायची. गाडी चालवायला ती त्याच मॉस्कविचवर शिकली. तिचा गिअर टाकायला बैलाची ताकद लागायची, पण पोरगी पटकन शिकली. पुढे तिचं लग्न ठरलं, किझिल-बेल घाटापलीकडे, अत-बाशीच्या सादिरकुल यांच्या मुलाशी. मुलगा उलान रशियात इमारतींच्या कामावर होता. सादिरकुल यांचं हमरस्त्यावर, घराला लागूनच, पंक्चरचं दुकान होतं, मेंढ्या होत्या आणि सात गावांत शब्दाला मान होता.

इथून पुढचं सगळं त्या मानातून झालं.

व्याही म्हणजे आमच्याकडे देवाच्या खालोखाल, आणि देव जेवायला येत नाही म्हणून प्रत्यक्षात व्याहीच वर. रुखवतात गोधड्यांची चळत छताला टेकली पाहिजे, पेट्या, गालिचे, भांडी. आणि अलीकडे गाडी. मास्तरांच्या पगारात अख्खी जपानी गाडी बसत नव्हती. अर्धी बसत होती.

तर तेव्हा आमच्याकडे असं चालायचं. सीमेवर अख्ख्या गाडीला जकात भारी, कापलेल्या गाडीला हलकी, कारण कागदोपत्री ती गाडी नसतेच, सुटे भाग असतात. म्हणून लोक पलीकडे चांगली चालती गाडी मधोमध कापायचे, तुकडे इकडे आणायचे आणि जोडायचे. जकातवाल्यांना माहीत, आणणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत. मास्तरांना त्याहूनही स्वस्त सौदा मिळाला. पुढचा अर्धा भाग एका पांढऱ्या गाडीचा, मागचा अर्धा दुसऱ्या एका निळ्या गाडीचा.

जोडायला बुरुलचाबाईंचा मावसभाऊ तोक्तोसून आला. वेल्डिंग करणारा. तोंडाने फटकळ, हाताने प्रामाणिक. तीन दिवस त्याने तळाला, दारांखालच्या उंबऱ्यांना आणि छताच्या खांबांना वेल्डिंग केलं आणि मुखवटा वर करून म्हणाला, "हे बघा भाऊजी, सांधा जाडजूड ठेवलाय. दिसायला म्हाताऱ्याच्या पायावरची शीर. पण सोडणार नाही. याला हात लावू नका."

"अरे, व्याही बघतील ना!"

"बघू दे की. रंग मारा आणि जरा लाजा."

"लेकीच्या रुखवतात असला वळ?"

"मग वरून गोधडी घाला. गोधड्या कमी आहेत का घरात?"

तोक्तोसून गेला. मास्तर सांध्याभोवती दोनदा फिरले. मग त्यांनी मला मोज्यातून काढलं आणि माझ्या चकतीवर सगळ्यात खरखरीत कागद लावला.

आठवडा लागला. दोन मिनिटं घासायचं, दहा मिनिटं थांबायचं. चौथ्या दिवशी, उजवीकडच्या खांबापाशी, वरचा जाड थर उतरला आणि खाली वेल्डिंगमध्ये भोकं दिसली. सुईच्या टोकाएवढी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. प्रामाणिक हाताच्या कामातही आत पोकळ जागा राहते. म्हणूनच तर त्याने वरून जाड थर ठेवला होता. मास्तरांनी चष्मा पुसला. वाकून बघितलं. पदार्थविज्ञानाचा माणूस, किती जाडीचं लोखंड किती ताण सोसतं हे फळ्यावर मांडण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. नेमकी त्याच क्षणी टाकीतली हवा संपली. मला वाटलं, बरं झालं. आता दहा मिनिटं आहेत, आता हा माणूस विचार करेल आणि तोक्तोसूनला परत बोलावेल.

बेगायिम किटली घेऊन आली. सांध्यावर हात फिरवून म्हणाली, "बाबा, इतकं घासाल तर लोखंड शिल्लक राहील का?"

"लोखंड आहे ते, साबण नाही," मास्तर म्हणाले, आणि चहा प्याले.

मग त्यांनी भोकांवर पुट्टी भरली. गुलाबी, पावावरच्या लोण्यासारखी जाड. मी ती घासून आरशासारखी केली. वरून पांढरा रंग बसला. कुठे पहिली गाडी संपते आणि दुसरी सुरू होते, हे माझ्याशिवाय आणि मास्तरांशिवाय कोणालाच सांगता आलं नसतं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

रुखवताच्या दिवशी सादिरकुल आले, उंच, पांढरी दाढी, डोक्यावर पांढरी टोपी. गाडीभोवती फिरले, खांबावरून तळहात फिरवला. "वा व्याही! कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखी." त्यांच्या पत्नी झुराकानबाई त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून बघत होत्या. पाय अधू, मूत्रपिंडं निकामी. दर आठवड्याला घाट ओलांडून नारिनच्या दवाखान्यात जावं लागायचं. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, आता मला बसची वाट बघायला नको. तुमची लेक नेईल मला."

बुरुलचाबाई रडल्या. मास्तरांनी टोपी सारखी केली.

हिवाळा गेला. एप्रिलमध्ये एका दुपारी मास्तर अंगणात मॉस्कविचचं दार घासत होते, तेव्हा बेगायिमचा फोन आला. मास्तर नेहमीप्रमाणे फोन स्पीकरवर टाकून, पेटीवर ठेवून मोठ्या आवाजात बोलत होते.

"बाबा, मागचं दार नीट लागत नाही हो. आणि खांबाजवळ रंगाला एक भेग पडलीये. केसाएवढी."

"कोणत्या खांबाजवळ?"

"उजवीकडच्या."

मास्तरांनी फोन ठेवला आणि ते मला हातात धरून बसले. हवा भरलेली होती, तरी कळ दाबली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत रजा टाकली, मला झोळीत घातलं, पुट्टी खरवडायची पट्टी घेतली आणि आम्ही जीपमध्ये दाटीवाटीने बसून निघालो. त्यांचा बेत मला कळला होता. व्याह्यांकडे खरा कॉम्प्रेसर होता. रंग आणि पुट्टी काढायची, सांधा उघडा पाडायचा, नव्याने वेल्डिंग करून घ्यायचं. आणि उघडा पडला की तो काय आहे हे सांगायचं. वाटेत त्यांचे ओठ हलत होते. वाक्य पाठ करत होते.

अत-बाशीला आम्ही सरळ दुकानात गेलो. गाडी उभीच होती. मास्तरांनी बाह्या वर केल्या, तोच सादिरकुल धावत आले.

"हे काय, व्याही! माझ्या दारात तुम्ही हात काळे करणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"जरासं काम आहे. त्या खांबापाशी..."

"काम करायला माणसं मेली का इथली? आणा ते इकडे." त्यांनी मला मास्तरांच्या हातातून काढून घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं. "काय देखणं अवजार आहे हो!"

आता आमच्याकडे रीत अशी की व्याह्यांनी वस्तूचं कौतुक केलं की ती त्यांची. मास्तर म्हणाले, "ठेवा. तुमच्यासाठीच आणलंय." अशा रीतीने, पाठ केलेल्या वाक्याच्या जागी, त्यांनी मला देऊन टाकलं.

मग मेंढा कापला. मला बैठकीच्या खिडकीत मानाने ठेवलं होतं, त्यामुळे मी सगळं बघितलं. मास्तरांना दारासमोरच्या भिंतीशी, सगळ्यात मानाच्या जागी बसवलं. मेंढ्याचं मुंडकं त्यांच्यासमोर आलं; मानाच्या पाहुण्याने त्याचा कान कापून पोरांना द्यायचा असतो. शेजारीपाजारी जमले.

"व्याही," मास्तर म्हणाले, "गाडीबद्दल एक सांगायचं होतं."

"सांगा की! पण आधी कान कापा, पोरं खोळंबलीत."

त्यांनी कान कापला. "ती गाडी, म्हणजे तिचं असं आहे..."

"सोनं आहे सोनं," झुराकानबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "माझ्या पोटच्या पोरांनी मला कधी दवाखान्यात नेलं नाही. तुमची लेक दर आठवड्याला नेते, परत आणते, उशी लावून मागे आडवी झोपवते. तुमच्या हातांना कधी दुखणं न येवो, मास्तर." आणि त्यांनी स्वतः उठून, दुखऱ्या पायांनी, मास्तरांच्या खांद्यावर नवाकोरा भरजरी अंगरखा घातला.

खांद्यावर अंगरखा पडला की माणसाला त्या घरात फक्त आभार मानता येतात. मास्तरांनी मानले.

निघताना दाराशी बूट चढवत असताना बेगायिम जवळ आली. खिडकीला लागूनच दार; मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाबा, त्या भेगेचं काय? तुम्ही त्यासाठीच आलात ना?"

मास्तरांना बुटाची नाडी सापडेना. "रंगाची आहे गं ती. थंडीने तडकतो रंग."

"नक्की?"

"नक्की. हळू चालव म्हणजे झालं."

एवढं बोलून तो माणूस अंगरखा सावरत जीपमध्ये बसला.

माझं स्वतःचं म्हणाल तर त्या दुकानात माझे चांगले दिवस आले. पहिल्यांदा छातीभर हवा मिळाली. ट्रकवाल्यांच्या चाकांच्या रिमा, बंपर, शेतीची पाती, दिवसभर घुमत असायचो. ती पांढरी गाडी रोज समोर दिसायची. खांबावरची भेग उन्हाळ्यात दोन केसांएवढी झाली. सादिरकुलनी त्यावरून एकदा बोट फिरवलं, भुवया उंचावल्या आणि तेवढ्यात एक ट्रक आला.

ऑक्टोबरच्या पहिल्या बर्फात बेगायिम सासूला दवाखान्यातून परत आणत होती. किझिल-बेलच्या उतारावर वळणाला रस्ता खचलेला. चाक खड्ड्यात आपटलं. मागून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकवाल्याने सांगितलं की गाडी आधी वाकली आणि मग सरळ दोन तुकडे झाले, पाव मोडावा तसे. पुढचा तुकडा, चालवणारीसकट, कठड्याला अडकून राहिला. मागचा खाली गेला. त्यात झुराकानबाई आडव्या झोपल्या होत्या.

बेगायिमचं मनगट मोडलं, बाकी काही नाही. ती स्वतः दरीत उतरली होती म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकने दोन्ही तुकडे आणून दुकानाच्या भिंतीशी टाकले. बाहेर अंगणात मयताचा तंबू उभा राहत होता, लांबून लांबून माणसं निघाली होती. सादिरकुल एकटे दुकानात आले. तुटलेल्या कडेपाशी बसले. नखाने रंग खरवडला. खाली गुलाबी पुट्टी, बोटभर जाड. पुट्टीखाली गुळगुळीत, झिजलेलं, भोकं पडलेलं वेल्डिंग. एका बाजूच्या पत्र्याच्या आत पांढरा रंग, दुसऱ्याच्या आत निळा. हा माणूस आयुष्यभर लोखंडात राहिलेला. त्याला वाचून दाखवायची गरज नव्हती.

मग उठून त्यांनी मला खुंटीवरून काढलं, नळी लावली आणि त्या कडा घासायला सुरुवात केली. आधी पुट्टी, मग वेल्डिंगचा जो काही अंश राहिला होता तो, मग आतला निळा रंग. मला वाटलं होतं की दुःखात माणूस काहीतरी मोडेल, फेकेल. ते शांतपणे, नीट काम करत होते. त्यांचा धाकटा भाऊ आवाज ऐकून आत आला.

"दादा, आज? वहिनीला अजून आंघोळ घातली नाही, आणि तू हे काय करतोयस?"

"व्याही येतायत," सादिरकुल म्हणाले.

दुपारी रस्ता-पोलिसांचा माणूस आला. त्याने तुकडे बघितले, घासून लखलखीत झालेल्या कडा बघितल्या, चहा प्याला आणि लिहिलं: वेग जास्त, चालक महिला. एवढ्या दोन गोष्टी त्याला पुरल्या.

आमच्याकडे मयताच्या घरी पुरुष लांबूनच मोठ्याने रडत येतात. रडणं रीतीचं की खरं, हे कोणी विचारत नाही. शैलोबेक मास्तर फाटकापासून असे रडत आले की माणसं एकमेकांकडे बघू लागली. "व्याही असावा तर असा," कोणीतरी म्हणालं. मला तो आवाज ओळखीचा होता. त्यात दुःख होतं, भीती होती, आणि तळाशी, लेक जिवंत असल्याचा आनंद होता, जो त्यांना लपवता येत नव्हता.

मग त्यांची नजर भिंतीशी पडलेल्या तुकड्यांवर गेली. रडणं थांबलं. ती ताजी घासलेली कड त्यांच्याइतकी कोण ओळखणार? त्यांनी सादिरकुलकडे बघितलं. सादिरकुलनी त्यांच्याकडे बघितलं. सगळं त्या एका नजरेत सांगून झालं आणि ऐकूनही झालं.

"चला व्याही," सादिरकुल म्हणाले, "वारा फार आहे. आत चला."

तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून मयताच्या ओव्या गात होत्या. त्यात काळ्या रुमालात, हात गळ्यात बांधलेली बेगायिम होती. झुराकानबाईंच्या बहिणीचा आवाज सगळ्यात वर चढला:

*ज्या हाताला लगाम पेलेना, त्या हाती तुला दिलं गं,*
*वाट घाटाची ठाऊक नाही, तिने वाटेत सोडलं गं.*

बाहेर बसलेल्या शंभर पुरुषांनी ते ऐकलं. मास्तरांनीही ऐकलं. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी टोपी सारखी केली.

उलान रशियातून आला, तीन दिवस राहिला, वेगळ्या खोलीत झोपला. जाताना बायकोला म्हणाला, "आईचा चाळिसावा दिवस होऊ दे. तुला ठेवायचं की माहेरी धाडायचं, ते मोठी माणसं ठरवतील." म्हणजे मास्तरांच्या हातात अजून एक महिना होता.

त्या महिन्यात बेगायिमशी कोणी बोलत नसे. ती एका हाताने अंगण झाडायची, दुकान झाडायची. एके दिवशी पुढच्या तुकड्याखालचा कचरा काढताना ती थबकली. उंबऱ्याच्या खालच्या अंगाला बोटभर रंग घासायचा राहून गेला होता. तिने तो बघितला, मग मला बघितलं. उजव्या हाताने मला खुंटीवरून काढलं, गुडघ्यात धरून नळी जोडली. माझ्या आयुष्यातला हा तिसरा हात. ती सावकाश घासत होती, प्रत्येक थराला थांबत. पांढरा. गुलाबी. मग ती गुळगुळीत, सच्छिद्र रेघ. लग्नाआधीचा तो आठवडा, किटली, ते दहा-दहा मिनिटांचे थांबे, सगळं तिने माझ्या शेजारी बसूनच तर बघितलं होतं.

सादिरकुल दारात उभे होते.

"मामंजी, बाकीचं तुम्ही घासलंत?"

"हो."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"शंभर माणसं येणार होती, पोरी. तुझ्या बापाची मान खाली गेली असती. व्याह्यांचा मान..."

"आणि माझा?"

सादिरकुल वाईट माणूस नव्हते. त्यांनी उत्तर शोधलं, खरंच शोधलं. मग एक ट्रकवाला हाक मारू लागला आणि ते गेले.

चाळिसाव्याच्या दिवशी बेगायिमने मला फडक्याने पुसून बैठकीच्या खिडकीत ठेवलं, चहाचं पाणी उकळायच्या समोवारशेजारी, दारासमोरच्या मानाच्या जागेवरून बरोबर दिसेल असं. मास्तर आले, त्या जागी बसले आणि मी दिसताच नजर खाली अंथरलेल्या जेवणाच्या चादरीकडे वळवली. जेवणं झाली, दुवा झाली. झुराकानबाईंची बहीण म्हणाली, "आता त्या पोरीचं काय ते ठरवा." मास्तरांचे ओठ हलले. तेच जीपमधलं वाक्य असावं. सात महिन्यांत त्यात शब्द वाढले असतील.

सादिरकुलनी त्यांना वेळच दिला नाही. "सून इथेच राहील," ते म्हणाले. "जे झालं ते झालं. आम्ही तिला माफ केलंय."

माणसांत कौतुकाची कुजबुज पसरली. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस सात गावांत नाही. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी दोन्ही हातांनी व्याह्यांचा हात धरला. "तुमचे उपकार, व्याही. कसे फेडू?"

बेगायिम समोवारपाशी बसली होती. चहा देणं सुनेचं काम. पाहुण्याला आमच्याकडे अर्धीच वाटी भरून देतात, म्हणजे तो पुन्हा मागेल, पुन्हा देता येईल, बसणं लांबेल. जितका चहा कमी, तितका मान जास्त. काठोकाठ भरलेली वाटी दिली तर तिचा अर्थ एकच: पी आणि ऊठ. लहान पोरांनाही हे कळतं, म्हणून ती वाटी कोणीच कोणाला देत नाही.

तिने बापाची वाटी भरली. चहा काठाला आला, काठावर फुगला, एक थेंब वाढला असता तर सांडला असता. ती उठली आणि मोडून जुळलेल्या हाताने, एकही थेंब न सांडता, ती त्यांच्यासमोर ठेवली.

सादिरकुलनी मान खाली घातली. मास्तरांनी वाटीकडे बघितलं, मग लेकीकडे. अजूनही बोलता आलं असतं. त्यांनी वाटी उचलली, कढत चहा एका दमात संपवला, टोपी सारखी केली आणि उठले.

ते पुन्हा कधी आले नाहीत. कोचकोरहून फोन येतात. बुरुलचाबाईंशी बेगायिम बोलते.

मी अजून त्या खिडकीत आहे. नळी कोणी लावत नाही, तेल कोणी घालत नाही. समोवारच्या वाफेने पोटात पाणी धरलं, चकती आता बोटाने ढकललीत तरी फिरत नाही. सादिरकुलनी एकदा मला तिथून हलवायला सांगितलं होतं. बेगायिमने ऐकलं नाही, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

तुमच्याकडेही माझी भावंडं असतील. बाजारात स्वस्त मिळतात, कामाला चांगली असतात. काय घासायचं ते त्यांना विचारू नका. ती कधीच नाही म्हणणार नाहीत. ज्या माणसाला त्या सांध्यावर जीव सोपवून बसायचंय, त्याला तो आधी उघडा दाखवा, ओबडधोबड, जाड, आहे तसा. लाज वाटेल. वाटू द्या. लाजेने घाटात कोणी मेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.